दोरी लावून काढलेली विहीर

कृषी खात्यातल्या माणसाला छंद असलाच तर तो परसबागेचा असणार, फार तर मधमाश्यांचा, अशी लोकांची समजूत असते. माझ्या घरी येणारा पाहुणा म्हणून आधी कुंड्या शोधतो. कुंड्या आहेत, पण त्या सौ.च्या. माझा छंद टेबलावरच्या संगणकात आहे आणि तो रात्री चालतो. गेली पंचवीस वर्षं मी संगणकावर चित्रं काढतो. काढतो म्हणजे हातानं नव्हे. ब्रश नाही, रंग नाही, रेघोट्या ओढणंही नाही. मी फक्त लिहून देतो: अमुक ठिकाणी एवढ्या मापाचा चेंडू आहे, त्याच्याखाली जमीन आहे, सूर्य तिकडे आहे, बघणारा माणूस इथे उभा आहे. मग संगणक एकेका किरणाचा माग काढत हिशेब करतो आणि चित्र उमटतं. याला रे ट्रेसिंग म्हणतात. किरणाचा माग काढणं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांनी फळबागेची आखणी केली आहे त्यांना हे समजायला अवघड नाही. आपण खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, दोरी जिथे जिथे फुलीवर येते तिथे खड्डा घेतो. इथेही तसंच. चित्र म्हणजे बारीक चौकड्यांचं एक वावर. रुंदीत ८०० आणि उंचीत ६०० चौकडी धरली तर एकूण ४ लाख ८० हजार होतात. बघणाऱ्याच्या डोळ्यापाशी खुंटी ठोकायची, दोरी एका चौकडीतून पलीकडे ताणायची आणि ती कशाला जाऊन लागते ते बघायचं. चेंडूला लागली तर त्या चौकडीत चेंडूचा रंग, जमिनीला लागली तर जमिनीचा. असं ४ लाख ८० हजार वेळा. माणसाला हे करायला जन्म पुरणार नाही, संगणक मुकाट्यानं करतो.

कल्पना मात्र संगणकाच्या फार आधीची. आल्ब्रेख्त ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकारानं १५२५ साली भूमितीवर एक पुस्तक छापलं, त्यात लाकडी ठशाचं एक चित्र आहे. टेबलावर एक तंतुवाद्य ठेवलंय, मधे उभी चौकट, आणि भिंतीतल्या खिळ्यापासून निघालेली दोरी त्या चौकटीतून वाद्यापर्यंत ताणलेली. एक माणूस दोरीचं टोक वाद्यावर टेकवतो, दुसरा ती चौकटीतून कुठून गेली त्याची खूण करतो. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्या गवंड्याचीच आठवण झाली.

आता कुणी म्हणेल, उजेड तर सूर्याकडून येतो, मग डोळ्याकडून दोरी का लावायची? त्याचं कारण कालव्याखालच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. टेलच्या माणसाला पाणी आलं नाही तर आपण धरणापासून प्रत्येक थेंबाचा पाठलाग करत नाही. टेलपासून चारीनं उलट वर चालत जातो आणि कुठे फुटलंय, कुणी दार उघडलंय, ते बघतो. सूर्याचे किरण अगणित, त्यातले आपल्या डोळ्यात येतात ते नगण्य. म्हणून जे आले त्यांचाच माग उलट काढायचा.

दोरी वस्तूला लागली की दुसरी दोरी तिथून सूर्याकडे लावायची. मधे काही आडवं आलं तर ती जागा सावलीत. वस्तू आरशासारखी चकचकीत असेल तर दोरी तिच्यावरून उडते आणि पुढे जाऊन आणखी कशाला तरी लागते. केशकर्तनालयात पुढे आरसा, मागे आरसा असला की आपली डोकी एकामागे एक न संपणारी दिसतात ना, तिथे संगणकही अडकून पडेल. म्हणून मी वापरतो त्या प्रोग्रॅममध्ये, वेगळं सांगितलं नाही तर, पाच उड्यांनंतर तो नाद सोडून देतो.

१९६८ साली आयबीएम कंपनीतल्या आर्थर ॲपेल यांनी ही दोरी संगणकावर पहिल्यांदा लावून सावल्या काढल्या. पुढे १९८० साली बेल प्रयोगशाळेतल्या टर्नर व्हिटेड यांनी आरसा, काच आणि उड्या मारणारे किरण यांचा हिशेब एकत्र मांडला. चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे, असं त्यांचं ते गाजलेलं चित्र. तेवढ्या एका चित्राला त्या काळच्या मोठ्या संगणकाला ७४ मिनिटं लागली होती.

माझ्या हाती हा प्रकार आला तो एका संगणक मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या तबकडीतून. प्रोग्रॅमचं नाव पॉव्ह-रे. डेव्हिड बक या हौशी माणसानं आधी स्वतःपुरता एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो लोकांना वाटला. १९९१ साली त्यावरून बऱ्याच जणांनी मिळून, पैसे न घेता, पॉव्ह-रे तयार केला. आजही तो फुकट आहे. आता ब्लेंडरसारखे कितीतरी सोयीचे प्रोग्रॅम आलेत, त्यात माऊसनं वस्तू हलवता येतात, आणि २०१८ पासून तर पोरांच्या खेळातसुद्धा किरणांचा हिशेब डोळ्यांदेखत होतो. मी पॉव्ह-रेलाच धरून राहिलो, कारण त्यात सगळं लिहून द्यावं लागतं. पंचनामे लिहिण्यात नोकरी गेलेल्या माणसाला ते जमतं. चतुःसीमा, लांबी, रुंदी, झाडांची संख्या. फरक एवढाच की या पंचनाम्यातून कुणाचं नुकसान निघत नाही.

पहिला संगणक जुन्या बाजारातून घेतलेला होता. एक साधं चित्र व्हायला त्याला रात्र पुरत नसे. त्यात आमच्या भागात बारा-बारा तासांचं भारनियमन. चित्र वरून खाली ओळीओळीनं उतरत असतं, निम्मं झालं की वीज जायची. पण पॉव्ह-रेत अर्धवट राहिलेलं चित्र जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायची सोय आहे. तेव्हा एकेक चित्र मी तीन-तीन, चार-चार रात्रींत उतरवलं आहे. सौ. म्हणायची, "पापड वाळवल्यासारखं काय ते रोज थोडं थोडं!" विजेचं बिल आलं की मात्र पापडाची उपमा मागे पडायची.

या लिखाणातली एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे वस्तूंची बेरीज-वजाबाकी. पॉव्ह-रेला चेंडू, ठोकळा, नळकांडं, शंकू, कडं अशा मोजक्या वस्तू ठाऊक असतात. बाकीचं आपण घडवायचं. एका जाड नळकांड्यातून दुसरं जरा बारीक नळकांडं वजा केलं की पाईप झाला. पालथ्या अर्ध्या गोळ्यातून लहान गोळा वजा केला की घमेलं. जातं, उखळ, रांजण, सगळं असंच होतं. पाण्याला रंग द्यावा लागत नाही, फक्त किरण त्यात शिरताना किती वाकतो तो आकडा सांगायचा: पाण्याला १.३३, काचेला साधारण १.५, हिऱ्याला २.४२. पाण्यात बुडवलेली काठी चित्रात आपोआप मोडल्यासारखी दिसते.

दोरी चेंडूला नेमकी कुठे लागते हे काढायला वर्गसमीकरण सोडवावं लागतं. शाळेत ते आपल्याला पाठ करायला लावलं होतं. वर्ग पूर्ण करून समीकरण सोडवायची ती रीत श्रीधराचार्यांची, आणि भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात ती त्यांच्या नावानं दिली आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याची नोंद त्यावर आहे. त्या बाजूला गेलात तर पाटणादेवीचं दर्शन घेऊन येताना तो दगडही बघून या.

फ्रान्समधले जील ट्रान या कामातले मोठे कलावंत. पेले, काचेचा जग, रक्षापात्र आणि फासे असं त्यांचं २००६ सालचं एक चित्र आहे, फोटो नव्हे असं सांगूनही लोकांना पटत नाही. पुढे मला कळलं की हे गृहस्थ पेशानं कृषितज्ज्ञ, जनावरांच्या खाद्यावर काम करणारे. त्या दिवशी मी सौ.ला मुद्दाम ते वाचून दाखवलं. "बघ, आपल्याच खात्यातला!" ती म्हणाली, "त्यांच्या घरचं बिल कोण भरतं विचारा."

खात्याच्या कामात हा छंद मी एकदाच आणला. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा लोकांना ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं म्हणजे किती मोठं, उतार कसा, बांध कुठे, हे कागदावरच्या आडव्या छेदावरून उमगत नव्हतं. मी ठोकळ्यातून उतरत्या बाजूंचा खड्डा वजा केला, काठावर अंदाज यावा म्हणून एक बैलगाडी उभी केली, आणि तळं पाण्यानं काठोकाठ भरून चित्र सभेत दाखवलं. सगळ्यांनी मन लावून पाहिलं. मग मागून एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "साहेब, तळं समजलं. यातलं पाणी कुठनं आणलं तेवढं सांगा." मार्च महिना होता आणि गावाला टँकर चालू होता. पुढच्या सभेत मी ते तळं कोरडं करून नेलं.

हे झालं छंदाचं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमचं मूळ गाव भीमेकाठी. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, पण त्याआधीच पाणी वर चढू लागलं होतं आणि मी आठ-नऊ वर्षांचा असताना आम्ही गाव सोडलं. गावाबरोबर आमची मोटेची विहीर पाण्यात गेली. ज्यांच्या जमिनी या धरणात गेल्या त्यांना वेगळं सांगायला नको. धरणाच्या पाण्यावर पुढे ऊस झाला, कारखाने झाले, त्या पाण्याचा फायदा मी स्वतः गावोगाव जाऊन लोकांना सांगितला आहे. पण आमचे वडील गेले तोवर त्यांनी नव्या गावठाणात जुन्या गावाचं नाव काढलं नाही. फोटो एकही नाही. त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरी फोटो असायचा तो लग्नातला, तोही असला तर.

आई आता ८३ वर्षांची आहे. तिला काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, थेंब चुकवायचे नाहीत, आहे ते राखायचं, गेलेलं परत येत नाही. (जाता जाता सांगतो, या दुखण्यात दुखत काहीच नाही, म्हणून ते कळत नाही. चाळिशी ओलांडली की घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या. घरात कुणाला असेल तर नक्कीच.) तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "आपली हीर एकडाव बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं." वडिलांसमोर ती असं कधी बोलली नव्हती. मी लगेच काही बोललो नाही, पण मनात म्हटलं, नळकांड्यातून नळकांडं वजा करायचं, त्यात काय मोठं.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याला कळलं तेव्हा तो हसला. "काका, इतका खटाटोप कशाला? हल्ली नुसतं सांगितलं की कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र काढून देते." त्यानं माझ्यासमोर मोबाईलवर लिहिलं, महाराष्ट्रातली जुनी विहीर, मोट, बैल. दहा सेकंदांत चित्र आलं. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळचं सोनेरी ऊन, हिरवंगार शेत, विहिरीवर कौलारू छप्पर आणि छपराला टांगलेली बादली. बैलांच्या गळ्यात फुलांच्या माळा. मोट नव्हतीच. आईनं कार्डाएवढ्या त्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

तर मी माझ्याच पद्धतीनं लागलो. पहिला प्रश्न मापाचा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी मृतसाठ्यातही बरंच खाली गेलं होतं. असं झालं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. आमच्या गावाला देऊळ बघण्यासारखं नसल्यानं तिकडे कुणी नव्हतं. एका मासेमारी करणाऱ्याच्या होडीतून गेलो, पुढे चिखलातून चालत. विहीर गाळानं काठापर्यंत भरलेली, पण दगडी कडं शाबूत होतं. टेप लावला. आतून १८ फूट २ इंच. घडीव दगड सव्वा फुटाचा. धावेची जागा नुसती उतरणीवरून ओळखू आली. थारोळ्याचा एक दगड मिळाला, त्याला पाण्याच्या धारेनं पडलेली खळगी होती. मी तिच्यात बोटं घालून खोली मोजली आणि वहीत लिहून घेतली. परत येताना होडीवाल्यानं विचारलं, "साहेब, काय मोजणी परत आली का?"

खोली आईनं सांगितली: वैशाखात पाणी पाच पुरुषांवर. म्हणजे तीस फूट धरले. पायऱ्या उगवतीकडून, वरच्या मोठ्या, खालच्या अरुंद. पाण्यापासून दोन हात वर एक कोनाडा, त्यात पारवे. हे सगळं लिहून मी पहिलं चित्र उतरवलं. आईला दाखवायची रीत मात्र शोधून काढावी लागली. मोठं छापलं तर तिला त्याचे तुकडे तुकडे दिसतात, एकत्र विहीर दिसत नाही. पोस्टकार्डाएवढं छापून हातभर लांब धरलं की ते तिच्या नळीत मावतं.

तिनं पाहिलं. म्हणाली, "दगड बराबर हाय. पर ऊन कुठलं घातलंस?"

मी सूर्य आपला कुठेतरी डावीकडे ठेवला होता, चित्रांत ठेवतात तसा. तिला तो चालणार नव्हता. तिला हवी होती ती आखितीच्या पुढच्या-मागच्या दिवसांतली दुपार, ती भाकरी घेऊन जायची तेव्हाची. "त्या दिसांत सूर्य हिरीत उतरायचा," ती म्हणाली.

हे तिचं बोलणं कवितेसारखं वाटेल, पण ते शब्दशः खरं आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. उजनीच्या पट्ट्यात, साधारण १८ अंश अक्षांशावर, तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. दुसरा पावसाळ्यात येतो, तेव्हा ढगांमुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पॉव्ह-रेबरोबर सूर्याची जागा काढून देणारं एक सूत्र येतं. त्याला तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि आपल्या घड्याळाचं रेखावृत्त द्यायचं. भारतासाठी ते ८२.५. मी १२ मे दिली, १८.१ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व. सूर्य माथ्यावर आला तो दुपारी १२ वाजून २६ मिनिटांच्या सुमाराला. सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी एक अशी चित्रं काढून बघितली. साडेअकराला निम्मं पाणी उन्हात येतं, साडेबाराच्या सुमाराला पूर्ण भरतं, आणि मग ऊन दुसऱ्या अंगानं उतरू लागतं.

हे चित्र घेऊन गेलो तेव्हा आईनं एक वाजताचं कार्ड बाजूला काढलं. "हे न्हाई. तवर सावली यायची, मावळतीकडनं. चिच हुती की."

मला चिंच आठवत नव्हती. गाव सोडल्यावर तिचं नाव घरात कधी निघालं नव्हतं. आईनं सांगितलं ते असं: वडिलांच्या आज्यानं लावलेली चिंच, विहिरीच्या मावळतीला, धावेच्या टोकाशी. बैल सोडले की वडील तिच्याखाली भाकरी खायचे. मोबदल्यात झाडाचे पैसे मिळाले आणि लाकूड ज्याचं त्यानं न्यायचं असं ठरलं. वडिलांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तीन दिवस स्वतः तोडली. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणले. बाकीचं लाकूड विकलं, एक ओंडका बैलगाडीतून नव्या गावठाणात आणला आणि सुताराकडून त्याचं उखळ करून घेतलं.

ते उखळ आमच्या मागच्या दारी आहे. मी त्याच्यावर बसून दात घासत आलोय. हल्ली त्यात कोंबड्यांना पाणी घालतो.

मी उठून त्याचा घेर मोजला. झाडाचा बुंधा त्याहून मोठा असणार हे उघड, पण सुरुवातीला एक आकडा मिळाला. झाडं उगवणं हे पॉव्ह-रेत जिकिरीचं काम. सुदैवानं त्या जील ट्रान यांनीच फांद्यांना फांद्या फुटत जाणारं झाडाचं एक सूत्र लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आहे. त्याला बुंधा, फांद्यांचा कोन, पानांचा आकार सांगायचा. चिंचेचं एक पान म्हणजे दहा-पंधरा जोड्या बारीक पर्णिका. त्या प्रत्येक पर्णिकेशी दोरी लावायची म्हटल्यावर माझा नवा संगणकसुद्धा गुरगुरू लागला. पण सावली आली. एकच्या सुमाराला ती मावळतीकडून सरकत येऊन काठावर टेकली, आई म्हणाली होती तशी.

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. आईनं कार्ड जवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाली, "भितीवर ऊन नाचत न्हाई."

हे मात्र अवघड होतं. मोट बुडाली की पाणी हलायचं आणि हलत्या पाण्यावरून उठलेली उन्हाची जाळी दगडांवर थरथरायची. सूर्य माथ्यावर असला की पाणी उन्हात आणि भिंती सावलीत, म्हणून ती जाळी त्याच वेळी उठून दिसते. आता डोळ्याकडून लावलेली दोरी भिंतीला लागते, तिथून सूर्याकडे पाहते, मधे काठ आडवा येतो, आणि ती जागा सावलीत म्हणून मोकळी होते. पाण्यावरून उडून आलेला उजेड तिला कळतच नाही. टेलकडून उलट चालत जायची आमची सगळी हुशारी इथे संपते. यासाठी धरणापासूनच खाली यावं लागतं. सूर्यापासून उजेडाचे कण सोडायचे, ते पाण्यावर आपटून कुठे पडतात त्यांची नोंद ठेवायची, आणि मग नेहमीसारखी डोळ्याकडून दोरी लावताना ती नोंद मिळवायची. हेन्रिक वान येन्सेन या डॅनिश संशोधकानं १९९० च्या दशकात ही रीत बसवली आणि पुढे ती पॉव्ह-रेतही आली. मी आजवर तिच्या वाटेला गेलो नव्हतो. चेंडू आणि फरश्यांना तिची गरज पडत नाही.

त्यात पाच महिने गेले. दिवसा खरिपाच्या सभा, मग अतिवृष्टीचे पंचनामे. रात्री जेवण झालं की तासभर. लाटा किती उंच, मोट कुठे बुडाली, दगड किती उजळ, पाणी किती गढूळ. आई सांगायची, पाणी हिरवट होतं, काचेसारखं नव्हतं. मधे तिच्या डोळ्याचा दाब वाढला, थेंब बदलावे लागले, तपासणीत नळी आणखी बारीक झाल्याचं कळलं. त्या आठवड्यात मी रोज एक चाचणीचं चित्र लावून झोपत होतो आणि पहाटे चारला उठून बघत होतो. सौ. बिलाबद्दल एक शब्द बोलली नाही. उलट एका रात्री वीज गेली तेव्हा माझ्याआधी उठून तिनं इन्व्हर्टर बघितला.

शेवटचं चित्र अकरा तास चाललं. पोस्टकार्डाच्या मापाचं छापून आईच्या हातात दिलं. दारात उजेडाला बसून तिनं ते धरलं, हळूहळू इकडून तिकडे सरकवलं. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं चित्रातल्या धावेच्या टोकावर बोट ठेवलं. "हितं उभी ऱ्हायची मी. भाकरी घेऊन. त्यांनी शेवटची मोट काढूस्तवर." बोट मग चिंचेकडे गेलं आणि तिथंच राहिलं.

ते कार्ड ती उशाखालच्या पिशवीत ठेवते, डोळ्यांच्या थेंबांबरोबर. शेजारणी आल्या की काढून दाखवते. माझ्या पोरानं काढली, असं न म्हणता, "ही आमची हीर" एवढंच म्हणते.

आता तिनं जुन्या घराच्या ओट्याचं काम सांगितलं आहे. लांबी-रुंदीचा प्रश्न नाही, पण ओट्याला खांब किती होते यावर तिचं आणि माझ्या थोरल्या मावशीचं एकमत होत नाही. आई म्हणते चार, मावशी म्हणते पाच, पाचवा नंतर लावलेला. येत्या रविवारी मावशीला बोलावलं आहे. तोवर मी चार खांब उभे करून ठेवले आहेत आणि पाचव्याची ओळ लिहून बाजूला ठेवली आहे.